विदूषकाचा चेहरा आणि राजदंड : चित्रकार यान मातेयको

इतिहासाच्या तासाला आपण राज्ये बुडाल्याच्या सनावळ्या पाठ करतो. अमुक साली अमुक राज्य लयाला गेले, असे वाक्य आले की परिच्छेद संपतो आणि आपण पान उलटतो. परंतु राज्य बुडाले तरी माणसे मागे उरतातच. त्यांची भाषा उरते, सणवार उरतात, मुलेबाळे होतात. ज्यांनी आपल्या राजाचे सिंहासन कधी पाहिलेच नाही, त्या मुलांना आपण कोण हे कोणी सांगायचे? पाठ्यपुस्तके परक्या सरकारची, शाळा परक्या सरकारच्या, कचेऱ्या परक्या सरकारच्या. अशा वेळी हे काम कधी कवी करतात, कधी कीर्तनकार करतात. पोलंडमध्ये एकोणिसाव्या शतकात ते एका चित्रकाराने केले. त्याचे नाव यान मातेयको.

पोलंड हा देश आपणांस अगदीच परका नाही. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेले सुमारे ५००० पोलिश निर्वासित १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत राहत होते. त्यांत स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांचाच भरणा अधिक होता. देश हातचा गेला म्हणजे तो मनात आणि भाषेत सांभाळावा लागतो, ही गोष्ट त्या लोकांना नवी नव्हती. त्यांच्या आजे-पणज्यांनी ती शंभर वर्षांहून अधिक काळ केलेली होती. मातेयको हा त्या आजे-पणज्यांच्या काळातला.

त्याचे चरित्र समजून घ्यायचे तर प्रथम त्या काळच्या नकाशाकडे पाहिले पाहिजे. सोळाव्या शतकात पोलंड आणि लिथुआनिया यांचे संयुक्त राज्य युरोपातील मोठ्या राज्यांपैकी एक होते. पुढे सरदारांची आपापसांतील भांडणे, दुबळी राजसत्ता आणि शेजाऱ्यांची हाव यांनी ते पोखरले गेले. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन सत्तांनी १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन खेपांना त्याचे लचके तोडले. तिसऱ्या फाळणीनंतर पोलंड हे नाव नकाशावरून पुसले गेले, ते १९१८ पर्यंत. म्हणजे मातेयको जन्मला, वाढला, कीर्तिमान झाला आणि वारला, तो सर्व काळ त्याचा देश अस्तित्वातच नव्हता. ज्या राष्ट्राचा सर्वांत मोठा इतिहासचित्रकार म्हणून तो ओळखला जातो, ते राष्ट्र त्याने एक दिवसही स्वतंत्र पाहिले नाही.

त्याचा जन्म २४ जून १८३८ रोजी क्राकूव येथे झाला. क्राकूव ही पोलंडची जुनी राजधानी. वावेल टेकडीवर राजवाडा आणि कॅथीड्रल, कॅथीड्रलच्या पोटात राजांच्या समाध्या, खाली भव्य बाजारचौक आणि त्याच्या कडेला सेंट मेरीचे उंच मनोऱ्यांचे चर्च, असे ते गाव. तेथील बोळाबोळांतून इतिहास पायाखाली येतो. मौज अशी, की पोलंडचा हा अभिमानी चित्रकार रक्ताने पुरता पोलिश नव्हता. वडील फ्रान्सिशेक हे चेक, बोहेमियातून आलेले संगीतशिक्षक. आईच्या घराण्यात जर्मन रक्त होते. अकरा भावंडांत यान नववा. तो सात वर्षांचा असताना आई वारली. घर मोठे, मिळकत बेताची आणि यान अबोल, अशक्त, अधू दृष्टीचा. शाळेत त्याची प्रगती इतकी सामान्य होती, की १८५१ साली शाळा सोडावी लागली. एकच गोष्ट त्याला येत होती, ती म्हणजे चित्र काढणे.

लहानपणी त्याने जे पाहिले ते मात्र सामान्य नव्हते. १८४६ साली क्राकूवमध्ये उठाव झाला, तो चिरडला गेला आणि आतापर्यंत नावापुरते स्वतंत्र असलेले हे शहर ऑस्ट्रियाने गिळले. १८४८ साली ऑस्ट्रियन तोफांनी शहरावर मारा केला, तेव्हा यान दहा वर्षांचा होता. त्याचे दोन भाऊ हंगेरीच्या क्रांतियुद्धात लढण्यासाठी गेले. त्यांतला एक, झिगमुंट, तेथेच कामी आला आणि दुसऱ्याला परागंदा व्हावे लागले. थोरला भाऊ फ्रान्सिशेक घरी राहिला. तो इतिहासाचा अभ्यासक होता व पुढे विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करू लागला. यानच्या हाती जुन्या बखरी आणि ग्रंथ आले ते या भावामुळे.

१८५२ साली तो क्राकूवच्या कलाशाळेत दाखल झाला. वोइचेख श्टाटलर आणि व्वादिस्वाव वुश्चकिएविच हे त्याचे शिक्षक. त्यांतील वुश्चकिएविच विद्यार्थ्यांना घेऊन जुन्या वास्तू, थडगी आणि शिल्पे यांची रेखाटने करीत हिंडत असे. हा नाद यानला जन्मभर लागला. चर्चमधील समाधीवर कोरलेल्या सरदाराचे चिलखत, एखाद्या मठात जपलेला जरीचा झगा, जुने कुलूप, खोगीर, तलवारीची मूठ, जे दिसेल ते तो वहीत उतरवून घेई. या रेखाटनांच्या संग्रहाला तो आपला खजिनाच मानीत असे. १८६० साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने पोलंडमधील १२०० ते १७९५ या काळातील वेशभूषेवर एक चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. एखाद्या संशोधकाला शोभावे असे हे काम होते.

मधल्या काळात शिष्यवृत्ती मिळून तो म्युनिकला गेला. कार्ल पिलोटी या चित्रकाराच्या ऐतिहासिक चित्रांचा तेव्हा तेथे मोठा बोलबाला होता. इतिहासातील प्रसंगांची भव्य तैलचित्रे रंगवणे हा त्या काळी चित्रकलेतील सर्वांत श्रेष्ठ प्रकार समजला जाई. व्यक्तिचित्रे, निसर्गचित्रे, फुलेफळे हे सारे त्याच्या खालच्या पायऱ्यांवर. म्युनिकहून तो व्हिएन्नाच्या अकादमीत गेला, पण तेथील प्राध्यापकाशी चित्राच्या मांडणीवरून खटका उडाला आणि थोड्याच दिवसांत तो क्राकूवला परत आला. बाहेर राहून मोठे नाव कमावण्याची संधी पुढे अनेकदा आली, तरी त्याने आपले गाव सोडले नाही.

१८६२ साली त्याने जे चित्र पुरे केले, ते आजही त्याच्या सर्व चित्रांत अनेकांना अधिक जिव्हाळ्याचे वाटते. चित्र फार मोठे नाही, लांबीला जेमतेम सव्वा मीटर. सोळाव्या शतकातील राजा झिगमुंट पहिला याच्या दरबारी स्टांचिक नावाचा विदूषक होता. त्याची चतुराई आणि त्याचा स्पष्टवक्तेपणा यांच्या कथा पोलंडमध्ये आपल्याकडील बिरबलाच्या गोष्टींसारख्या सांगितल्या जातात. मातेयकोच्या चित्रात राणी बोनाच्या महालात नाचगाणे चालू आहे. मागच्या दालनात दिव्यांचा लखलखाट आहे आणि सरदार व त्यांच्या स्त्रिया रंगात आल्या आहेत. पुढच्या अंधाऱ्या खोलीत लालभडक पोशाख घातलेला विदूषक एकटाच खुर्चीत बसला आहे. हात एकमेकांत गुंतलेले, नजर जमिनीवर खिळलेली. बाजूच्या मेजावर एक पत्र उघडे पडले आहे. स्मोलेन्स्कचा किल्ला शत्रूने घेतल्याची वार्ता त्यात आहे. खिडकीबाहेर आकाशात धूमकेतू दिसतो. ज्याचे काम हसवण्याचे, त्या एकट्यालाच राज्याची चिंता लागली आहे.

या विदूषकाला मातेयकोने स्वतःचा चेहरा दिला. चोवीस वर्षांचा, लोकांना फारसा ठाऊक नसलेला हा चित्रकार जणू सांगत होता, की दरबारात माझे स्थान कोणते ते मी ठरवले आहे. इतरांच्या मेजवानीत पत्र वाचणारा तो मी.

पुढच्याच वर्षी, १८६३ साली, रशियाच्या ताब्यातील पोलंडमध्ये मोठा उठाव झाला. प्रकृतीमुळे मातेयकोला लढता येणे शक्य नव्हते. त्याने पैशाची मदत केली आणि बंडखोरांच्या तळावर शस्त्रे पोहोचवण्याचे धाडसही केले. उठाव फसला. फाशी, सैबेरियातील हद्दपारी, मालमत्तेची जप्ती हे सारे ओघाने आले. पराभूत पिढीसमोर मग प्रश्न उभा राहिला, की हे असे का झाले? सारा दोष शेजाऱ्यांचाच, की आपलाही काही?

मातेयकोचे उत्तर दोन चित्रांतून आले. १८६४ साली त्याने स्कार्गाचे प्रवचन हे चित्र रंगवले. प्योत्र स्कार्गा हा झिगमुंट तिसरा याच्या दरबारचा जेझुइट धर्मोपदेशक. हात उंचावून तो सरदारांना बजावतो आहे, की तुमचा स्वार्थ आणि तुमची फूट हे राज्य बुडवणार आहे. समोर बसलेल्यांपैकी कोणी अस्वस्थ आहे, कोणी बेफिकीर. १८६५ साली पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनात या चित्राला सुवर्णपदक मिळाले. सत्तावीस वर्षांच्या मातेयकोचे नाव युरोपभर झाले. त्याच सुमारास, १८६४ च्या नोव्हेंबरात, तेओदोरा गिएबुवतोव्स्का हिच्याशी त्याचा विवाह झाला होता.

दुसरे चित्र अधिक जहाल होते. १७७३ साली पहिल्या फाळणीला मान्यता देण्यासाठी वॉर्सा येथे संसद भरवण्यात आली. तेथे तादेउश रेयतान नावाच्या प्रतिनिधीने दरवाजात आडवे पडून सदस्यांची वाट अडवली. त्याचा प्रतिकार व्यर्थ ठरला. १८६६ साली पुऱ्या झालेल्या चित्रात रेयतान उजव्या कोपऱ्यात जमिनीवर पडला आहे, त्याने छाती उघडी केली आहे. डावीकडे दिमाखदार पोशाखांतले सरदार आहेत. खुर्ची उलथली आहे, जमिनीवर नाणी सांडली आहेत आणि भिंतीवरून रशियाची सम्राज्ञी कॅथरिन हिचे चित्र सर्वांकडे पाहत आहे. देश विकला गेला आणि विकणारे आपलेच होते, एवढे सांगायला कोणत्याही शब्दाची गरज उरत नाही.

या चित्राने पोलिश समाजात खळबळ उडाली. चित्रातील सरदारांचे वंशज अजून हयात होते, प्रतिष्ठित होते. आपल्या पूर्वजांना असे उघड्यावर आणलेले त्यांना कसे रुचावे? पण केवळ त्यांनाच राग आला असे नाही. नुकत्याच झालेल्या पराभवाने घायाळ झालेल्या राष्ट्राला परक्यांच्या देखत असे फटकारणे बरे नव्हे, असे अनेक विचारवंतांनाही वाटले. चित्रात इतिहासाची मोडतोड आहे हाही आक्षेप निघाला, आणि तो खोटा नव्हता. फ्रान्सिशेक सालेझी पोतोत्स्की हा सरदार १७७२ मध्येच वारला होता, तरी १७७३ च्या प्रसंगात तो हजर आहे. परदेशात मात्र १८६७ सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात चित्राला सुवर्णपदक मिळाले आणि ते ५०,००० फ्रँकला विकत घेतले खुद्द ऑस्ट्रियाच्या सम्राटाने, म्हणजे फाळणी करणाऱ्या तीन सत्तांपैकी एका सत्तेच्या वारसाने! नियतीचा हा विनोद स्टांचिकलाही सुचला नसता.

टीकेला मातेयकोने लेख लिहून उत्तर दिले नाही. १८६७ साली त्याने एक लहान चित्र काढले, स्वतःवरील शिक्षेचे. क्राकूवच्या बाजारचौकात अपराधी म्हणून त्याला उभे केले आहे आणि त्याच्यावरील निकाल वाचून दाखवला जात आहे, असा तो देखावा आहे.

येथे थोडे थांबून त्याच्या पद्धतीचा विचार केला पाहिजे. ज्याने बक्कल, बटण आणि तलवारीची मूठ यांची इतकी कसून नोंद ठेवली, त्याने मेलेल्या माणसाला जिवंत करून सभेत का बसवावे? मातेयकोच्या दृष्टीने यात विसंगती नव्हती. त्याला प्रसंगाचे छायाचित्र काढायचे नव्हते. ती घटना का घडली आणि तिचे पुढे काय झाले, हे सारे त्याला एकाच फलकावर आणायचे होते. म्हणून आधी मेलेले आणि नंतर प्रसिद्धीस आलेले लोक त्याच्या चित्रांत खांद्याला खांदा लावून उभे राहतात. साधनसामग्री संशोधकाची आणि भूमिका न्यायाधीशाची, असे त्याचे इतिहासचित्रण आहे. न्यायाधीश म्हटला की तो कधी चुकणार, हेही आलेच.

चेहऱ्यांसाठी तो मित्र, नातलग, क्राकूवचे नागरिक यांना समोर बसवी. मूळची व्यक्तिचित्रे उपलब्ध असतील तेथे ती अभ्यासी. त्यामुळे त्याच्या गर्दीच्या चित्रांतही प्रत्येक चेहरा वेगळा असतो. स्वतंत्र व्यक्तिचित्रेही त्याने बरीच केली. रेक्टरच्या वस्त्रांतील योझेफ दिएतल यांचे १८६४ सालचे चित्र, स्वतःच्या तीन मुलांचे १८७० सालचे चित्र आणि १८९२ सालचे आत्मचित्र ही त्यांतील नामांकित. या शेवटच्या चित्रातला थकलेला, चष्मा लावलेला, खुर्चीत रेललेला म्हातारा अवघा चोपन्न वर्षांचा आहे, हे कळल्यावर आपण चमकतो.

१८६९ नंतर त्याच्या चित्रांचा सूर पालटला. त्या वर्षी पोलंड आणि लिथुआनिया यांच्या १५६९ सालच्या एकीकरणाला तीनशे वर्षे झाली, त्यानिमित्त त्याने लुब्लिनच्या कराराचे चित्र रंगवले. त्याबद्दल फ्रान्सने त्याला लीजन ऑफ ऑनर हा सन्मान दिला. त्याच वर्षी वावेलच्या कॅथीड्रलमध्ये दुरुस्तीच्या वेळी राजा काझिमिएश याची समाधी उघडली गेली. मातेयको तेथे हजर होता आणि त्याने त्या अवशेषांची रेखाटने केली. ज्या राजांना तो कल्पनेने रंगवीत आला, त्यांपैकी एकाची हाडे त्याने प्रत्यक्ष पाहिली. पुढे प्स्कोवच्या वेढ्यातील राजा बातोरी (१८७२), मग कोपर्निकसच्या जन्माला चारशे वर्षे झाली तेव्हा ताऱ्यांकडे पाहून विस्मयाने मागे झुकलेला खगोलशास्त्रज्ञ (१८७३), मग झिगमुंट घंटा टांगण्याचा सोहळा (१८७४). कोपर्निकसचे चित्र लोकवर्गणीतून विकत घेऊन क्राकूवच्या विद्यापीठाला देण्यात आले. याच विद्यापीठात कोपर्निकस शिकला होता.

हा पालट का झाला? एक कारण राजकीय होते. ऑस्ट्रियाच्या ताब्यातील प्रदेशाला १८६० नंतरच्या दशकात बरीच स्वायत्तता मिळाली. शाळा-कचेऱ्यांत पोलिश भाषा आली. रशियाच्या ताब्यातील वॉर्सात जे उघड दाखवणे कठीण, ते क्राकूवमध्ये शक्य झाले. दुसरे कारण माझ्या मते मनुष्यस्वभावाचे आहे. रोज चुका दाखवून कोणी उभा राहत नाही. आजाऱ्याला रोगाचे नाव सांगितल्यावर बळ येण्यासाठीही काही द्यावे लागते.

१८७३ साली प्रागच्या कला अकादमीचे प्रमुखपद त्याला देऊ करण्यात आले. वडिलांचा मुलूख, मोठे पद. पण त्याने ते नाकारले आणि क्राकूवच्या आपल्याच जुन्या कलाशाळेचा संचालक झाला. मृत्यूपर्यंत तो त्या पदावर होता.

मग आले ग्रुनवाल्ड. १५ जुलै १४१० रोजी पोलंड आणि लिथुआनिया यांच्या संयुक्त सैन्याने ट्युटॉनिक सरदारांच्या लष्करी संघटनेचा पराभव केला, ती ही लढाई. १८७७ साली मातेयकोने ती रणभूमी स्वतः पाहिली. १८७८ साली पूर्ण झालेले हे चित्र ४२६ सेंटिमीटर उंच आणि ९८७ सेंटिमीटर लांब आहे. आपल्या वर्गाची एक सबंध भिंत व्यापून ते उरेल. मधोमध लाल पोशाखातला लिथुआनियाचा विटोल्ड दोन्ही हात उंचावून विजयाचा जल्लोष करीत आहे. डावीकडे संघटनेचा प्रमुख साध्या पायदळातील दोन सैनिकांच्या हातून मरण पावत आहे. घोडे, माणसे, भाले, झेंडे यांची अशी दाटी, की नजरेला उभे राहायला जागा मिळत नाही. त्या काळच्या टीकाकारांनी यावरच बोट ठेवले. चित्रात हवा नाही, खोली नाही, सारेच एकदम पुढे येऊन ओरडते, असे आक्षेप निघाले. त्यांत तथ्य आहे. पण रणधुमाळीत सापडलेल्या माणसाला तरी हवा आणि खोली कोठे दिसणार, असेही म्हणता येईल.

२९ ऑक्टोबर १८७८ रोजी क्राकूव नगरपालिकेने एका समारंभात मातेयकोला राजदंड अर्पण केला. देशाला राजा नाही, तोवर कलेच्या राज्यात तूच आमचा राजा, असा त्याचा अर्थ होता. अकरा वर्षांपूर्वी ज्या गावात आपल्यावर निकाल वाचला जात आहे असे चित्र त्याने काढले होते, त्याच गावाने हा मान दिला. त्याचे दोष दाखवणारे चित्र लोकांना बोचले होते, विजय दाखवणारे चित्र त्यांनी डोक्यावर घेतले. यात लोकांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण स्वतः मातेयको मान मिळाल्यावर बदलला का, हे पाहणे महत्त्वाचे.

त्याचे उत्तर १८८२ सालच्या प्रशियाचे मुजरापत्र म्हणता येईल अशा चित्रात आहे. १० एप्रिल १५२५ रोजी क्राकूवच्या बाजारचौकात प्रशियाचा आल्ब्रेख्त होहेनझोलेर्न पोलंडच्या राजापुढे गुडघे टेकून निष्ठेची शपथ घेतो, तो हा प्रसंग. झेंडा, जरीपट, रोषणाई, गर्दी, सारे विजयाचे. आणि सिंहासनाच्या पायथ्याशी लाल कपड्यांतला एक माणूस चिंतातुर बसला आहे. तो स्टांचिक. चेहरा पुन्हा मातेयकोचाच. गुडघे टेकलेल्या या घराण्याचे वंशज अडीचशे वर्षांनी पोलंडचा तुकडा तोडणार आहेत, हे सर्व मेळाव्यात त्या एकट्याला दिसते आहे. राजदंड घेतलेल्या हातांनी चित्रकाराने पुन्हा विदूषकाचीच जागा घेतली. हे चित्र त्याने विकले नाही, राष्ट्राला दिले. ते वावेलच्या राजवाड्यात लागावे ही त्याची इच्छा होती आणि त्या वेळी त्या राजवाड्यात ऑस्ट्रियन सैन्याची छावणी होती!

१८८३ साली व्हिएन्नाच्या विजयाला दोनशे वर्षे झाली. तुर्कांचा वेढा उठवण्यात पोलंडच्या राजा सोबिएस्कीचा वाटा किती मोठा होता, हे व्हिएन्नाकरांना आठवून द्यावे म्हणून मातेयकोने सोबिएस्कीचे भव्य चित्र त्या शहरात विनाशुल्क दाखवले आणि नंतर पोलिश राष्ट्राच्या वतीने पोप लिओ तेरावे यांना भेट दिले. ते आजही व्हॅटिकनमध्ये आहे. ज्या राष्ट्राला वकिलात नव्हती, त्याच्या वतीने एक चित्र वकील म्हणून गेले.

बाहेर असा गौरव होत असताना घरी मात्र सुख नव्हते. तेओदोरा देखणी, पण संशयी आणि मनाने अस्वस्थ होती. आपल्या भाचीला समोर बसवून नवऱ्याने चित्र काढले, याचा राग येऊन तिने स्वतःचे नववधूवेषातील व्यक्तिचित्र नष्ट केले. मातेयकोने ते १८७९ साली पुन्हा रंगवले. १८८२ साली तिला मानसिक उपचारांसाठी रुग्णालयात ठेवावे लागले. एक मुलगी तान्हेपणीच दगावली होती. तो कामात बुडून राहिला, हे त्याचे बळ म्हणावे की पळवाट, ते ठरवणे अवघड आहे.

अखेरच्या वर्षांत त्याने कोश्च्युश्कोचा विजय (१८८८) आणि ३ मे १७९१ च्या राज्यघटनेचे चित्र (१८९१) रंगवले. सेंट मेरीच्या चर्चच्या भिंती आणि छत रंगांनी सजवले. पोलंडच्या राजांची ४४ रेखाचित्रे केली. पोलिश लोक आजही आपले जुने राजे मनात आणतात ते बहुधा याच चित्रांतल्या चेहऱ्यांनी. चर्चच्या कामात त्याच्या हाताखाली दोन तरुण विद्यार्थी होते, स्तानिस्वाव विस्पियान्स्की आणि योझेफ मेहोफर. पुढे या पिढीने गुरूची वाट सोडली. पॅरिसमध्ये १८७४ पासूनच प्रकाश आणि क्षणिक रंगछटा यांचा ध्यास घेतलेले नवे चित्रकार पुढे आले होते. त्यांच्यापुढे मातेयकोची मखमल आणि चिलखते जुनी दिसू लागली. तरीही विस्पियान्स्कीने १९०१ साली आपले लग्न हे प्रसिद्ध नाटक रंगमंचावर आणले, तेव्हा त्यात स्टांचिक एका पात्राच्या रूपाने अवतरला. गुरूची शैली नाकारणाऱ्या शिष्यालाही गुरूचा विदूषक टाळता आला नाही.

१८९२ साली नगरपालिकेने नव्या नाट्यगृहासाठी मध्ययुगीन रुग्णालयाच्या जुन्या इमारती पाडायचे ठरवले. मातेयकोने कडाडून विरोध केला. कोणी ऐकेना, तेव्हा त्याने क्राकूवचे सन्माननीय नागरिकत्व परत केले आणि या गावात पुन्हा चित्र प्रदर्शित करणार नाही असे जाहीर केले. ज्या गावाने राजदंड दिला, त्याने राजाचे म्हणणे मात्र ऐकले नाही. २१ ऑक्टोबर १८९३ रोजी ते नाट्यगृह उघडले. १ नोव्हेंबरला, पोटातील व्रणातून रक्तस्राव होऊन, मातेयकोचा अंत झाला. त्याचे वय पंचावन्न होते. त्याच्या अंत्ययात्रेला वावेलची झिगमुंट घंटा वाजली. ज्या फ्लोरियान्स्का रस्त्यावरच्या घरात तो जन्मला, त्याच घरात तो वारला. आज ते घर त्याचे संग्रहालय आहे आणि त्याची कलाशाळा १९७९ पासून त्याच्या नावाने ओळखली जाते.

त्याच्या चित्रांची कथा त्याच्याबरोबर संपली नाही. १९३९ साली जर्मन फौजा पोलंडमध्ये शिरल्या, तेव्हा ग्रुनवाल्डचे चित्र गुंडाळून लुब्लिनला नेण्यात आले आणि जमिनीत पुरून ठेवण्यात आले. जर्मनांच्या पराभवाचे ते चित्र त्यांना नष्ट करायचे होते. त्यांनी शोध घेतला, मोठमोठी इनामे जाहीर केली. ठावठिकाणा ठाऊक असलेल्यांपैकी कोणीही तोंड उघडले नाही. युद्ध संपल्यावर चित्र परत बाहेर आले आणि आता ते वॉर्साच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. रेयतानचे चित्रही १९२० साली स्वतंत्र पोलंडच्या सरकारने विकत घेऊन मायदेशी आणले. ज्या चित्राने एके काळी राष्ट्राची बेअब्रू केली असे लोक म्हणत, ते स्वतंत्र झालेल्या राष्ट्राने पैसे मोजून परत मिळवले आणि आज ते वॉर्साच्या राजवाड्यात सन्मानाने टांगलेले आहे.

मातेयकोच्या चरित्रातून मला वाटते ते एवढेच. पूर्वजांचा जयजयकार करणारे चित्रकार प्रत्येक देशात मिळतात आणि पूर्वजांवर नुसते तोंडसुख घेणारेही मिळतात. एकाच हाताने रेयतान आणि ग्रुनवाल्ड ही दोन्ही चित्रे रंगवणारा दुर्मिळ. ग्रुनवाल्डने त्याच्या लोकांना अंधारात धीर दिला हे खरे, पण तो धीर खोटा ठरला नाही, कारण तो देणाऱ्याने आधी त्यांच्या चुका त्यांच्या तोंडावर सांगितल्या होत्या. आपण कला शाखेचे विद्यार्थी इतिहास वाचतो, इतिहासावरची नाटके करतो, भिंतीवर थोरांच्या तसबिरी लावतो. त्या साऱ्या उत्सवात मागच्या अंधाऱ्या खोलीत उघडे पत्र घेऊन बसलेला लाल कपड्यांतला माणूस आपल्याला दिसतो का, हे अधूनमधून पाहायला हरकत नाही.